नंदीबैलाची साक्ष : मॉक, स्टब आणि चाचणीचे प्रामाण्य



ज्ञान आणि प्रमाण यांवरच्या व्याख्यानांत 'युनिट टेस्टमधील मॉक आणि स्टब' हा विषय कुठून आला, असे काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. कुणी 'हे बरोबर आहे' असे म्हणाले की 'कशावरून?' असे विचारणे हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना धंदा. प्रोग्रॅमरच्या पडद्यावर चाचणी संपली की हिरवी खूण उमटते. ती खूण म्हणते, 'हे बरोबर आहे.' मग आमचा प्रश्न तिलाही लागू होतो. आमचे काही माजी विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. त्यांच्याशी गेली काही वर्षे जे बोलणे चालले आहे, त्यातून आमचे मत बनले ते आज मांडतो. मत टीकेचे आहे, पण आधी समोरच्याचे म्हणणे पुरते मांडू आणि मगच त्याचे खंडन करू.

प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेले श्रोतेही आहेत, म्हणून आधी एक उदाहरण.

समजा, वीजबिल भरण्याचे एक ॲप आहे. त्यात 'बिल भरा' नावाचे एक छोटे फंक्शन आहे. ते चार कामे करते. डेटाबेसमधून ग्राहकाची थकबाकी काढते. पेमेंट गेटवेला सांगते की एवढी रक्कम वळती कर. उत्तर 'यशस्वी' आले तर 'बिल भरले' अशी नोंद करते. आणि ग्राहकाला एसएमएस पाठवते. या एवढ्याच तुकड्याची वेगळी काढून केलेली तपासणी म्हणजे युनिट टेस्ट.

आता अडचण बघा. प्रत्येक चाचणीला खरा गेटवे वापरला तर कुणाच्या तरी खात्यातून खरेच पैसे जातील आणि कुणाच्या तरी फोनवर खरेच एसएमएस जातील. म्हणून त्यांच्या जागी बदली पात्रे उभी करायची. 'स्टब' म्हणजे पढवलेले उत्तर देणारा बदली: काहीही विचारा, तो 'यशस्वी' म्हणतो. 'मॉक' त्याच्या पुढचा. तो उत्तर तर देतोच, शिवाय आपल्याला कोणती हाक, किती वेळा, कोणता मजकूर घेऊन यायला हवी, याची यादी हातात घेऊन बसतो. यादीप्रमाणे हाक आली नाही तर चाचणी नापास.

ही कल्पना फार जुनी नाही. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली इटलीतील सार्डिनिया बेटावरच्या परिषदेत मॉक ऑब्जेक्टवरचा निबंध मांडला. २००४ साली याच परंपरेतला, 'मॉक वस्तूंचे नव्हे, भूमिकांचे करा' अशा आशयाच्या शीर्षकाचा दुसरा निबंध आला. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी मॉक आणि स्टब एक नव्हेत हे सांगणारा निबंध लिहिला आणि २००७ मध्ये सुधारून पुन्हा दिला. २००७ सालीच जेरार्ड मेझारोस यांचे चाचण्यांच्या आकृतिबंधांवरचे जाडजूड पुस्तक आले. सिनेमात नायकाऐवजी उडी मारणारा डबल असतो, त्यावरून त्यांनी सगळ्या बदली पात्रांना 'टेस्ट डबल' हे नाव दिले आणि डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक असे पाच प्रकार केले. आज कुठल्याही कार्यालयात या विषयावर वाद झाला तर शब्द बहुधा याच लेखनातले असतात.

पूर्वपक्ष

मॉकच्या बाजूने चार गोष्टी बोलल्या जातात आणि चारही वजनदार आहेत.

पहिली, वेग. खरा डेटाबेस आणि खरे नेटवर्क घेतले तर हजार चाचण्यांना बराच वेळ लागतो. बदली पात्रे घेतली तर त्या काही सेकंदांत आटोपतात. आणि ज्या चाचणीला फार वेळ लागतो ती हळूहळू कुणी चालवतच नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरी, दुर्मीळ प्रसंग. गेटवे नेमका पैसे कापल्यानंतर आणि उत्तर देण्याआधी बंद पडला तर काय होईल? खऱ्या गेटवेला 'जरा आता बंद पड' असे सांगता येत नाही. स्टबला सांगता येते. हा फायदा आम्ही सगळ्यांत मोठा मानतो.

तिसरी, दोषाची जागा. सगळेच खरे असेल तर चाचणी नापास झाल्यावर दोष कुणाचा हे शोधत बसावे लागते. बाकी सगळे बदली असले तर दोष त्या एका तुकड्याचाच.

चौथी जरा सूक्ष्म आहे. मॉकच्या जनकांना तो मुळात तपासनीस म्हणून नको होता, रचनेचे साधन म्हणून हवा होता. अजून न लिहिलेल्या सोबत्याकडून आपल्याला काय हवे आहे, हे मॉक लिहिताना आपोआप ठरते. या विचाराचा विस्तार फ्रीमन आणि नॅट प्राइस यांच्या २००९ च्या पुस्तकात आहे. तो प्रामाणिक विचार आहे आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही.

आमचे भांडण पुढच्या पायरीशी आहे. ही सोय ज्ञानाच्या जागी बसवली जाते, तिथे.

तीन दोष

आपल्या तर्कशास्त्रात 'सिद्धसाधन' नावाचा एक दोष सांगितला आहे. जे आधीच मान्य आहे तेच पुन्हा सिद्ध करून दाखवायचे आणि काही मिळवल्याचा आव आणायचा. आता पुष्कळ चाचण्या कशा असतात ते पाहा. स्टबला सांगितले, 'थकबाकी विचारली की पाचशे म्हण.' मग थकबाकी आणणारे फंक्शन चालवले. त्याने स्टबला विचारले, स्टब पाचशे म्हणाला. चाचणीने तपासले, 'पाचशे आले का?' आले! हिरवी खूण. इथे काय तपासले गेले? आपण एका कानात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कानातून बाहेर आली, एवढेच. दारोदार नंदीबैल घेऊन येणारा विचारतो, 'पाऊस पडंल का?' आणि बैल मान डोलावतो. त्यावरून कुणी पेरणीचा दिवस ठरवत नाही. कारण मान डोलावण्याचे कारण आकाशात नसते, दोरी धरणाऱ्याच्या हातात असते.

हा नंदीबैलपणा कुठवर जाऊ शकतो, याचे एक खरे उदाहरण पायथन भाषेत आहे. ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, मॉकची सोय त्या भाषेसोबतच मिळते. तिथला साधा मॉक इतका मनमिळाऊ की त्याला कोणत्याही नावाने हाक मारा, तो 'हे माझेच नाव' असे म्हणून पुढे येतो. त्यामुळे व्हायचे काय, की तपासणीच्याच मेथडचे नाव प्रोग्रॅमरने लिहिताना चुकवले तरी मॉक ते निमूट स्वीकारायचा आणि चाचणी पास व्हायची. तपासणी झालीच नाही, तरी निकाल हिरवा! शेवटी ३.५ आवृत्तीत 'असर्ट' अशी सुरुवात असलेल्या अनोळखी नावांना हरकत घेण्याची तजवीज करावी लागली. मूळ वस्तूवरून साचा घेऊन मॉक बनवण्याची सोयही तिथे आहे आणि ती वापरावीच. पण साच्यावरून मेथडची नावे आणि किती गोष्टी द्यायच्या एवढेच कळते. वस्तू वागते कशी, हे साच्यात येत नाही.

दुसरा दोष: फळाऐवजी क्रियेची हजेरी. मॉक विचारतो, 'एसएमएस पाठवणाऱ्याला बरोबर एकदा हाक गेली का?' ग्राहकाला एसएमएस मिळाला का, हा प्रश्न वेगळा आहे. उद्या कुणी सुधारणा केली आणि एसएमएस थेट न पाठवता रांगेत टाकून मागाहून पाठवायचे ठरवले, तर ग्राहकाच्या दृष्टीने काहीही बदललेले नाही, तरी मॉकची चाचणी लाल होते. उलट, हाक बरोबर गेली पण एसएमएसमध्ये थकबाकीचा आकडा चुकीचा गेला आणि मजकुराकडे मॉकने पाहिलेच नाही, तर चाचणी हिरवी. बिघाड नसताना ओरडायचे आणि बिघाड असताना गप्प बसायचे, असा राखणदार कोण ठेवील? अशा चाचण्यांमुळे प्रोग्रॅमर जुना कोड सुधारायला धजत नाहीत. चाचण्या मुळात ज्या निर्भयपणासाठी होत्या, तोच त्या हिरावून घेतात.

तिसरा दोष आमच्या मते सगळ्यांत खोल आहे. नैयायिक त्याला 'उपाधी' म्हणतात. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे बरोबर नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या: अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले सरपण लागते. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. आता चाचणीचे अनुमान मांडू: 'चाचणी पास झाली, म्हणून फंक्शन बरोबर आहे.' यातली न बोललेली अट कोणती? 'खरा गेटवे आमच्या स्टबसारखाच वागत असेल तर.' हिरवी खूण ही अट कुठेच दाखवत नाही. आणि ती अट तपासण्याची जबाबदारी बहुतेक वेळा कुणाचीच नसते. फंक्शन लिहिणाऱ्याला वाटते, गेटवे कसा वागतो ते गेटवेवाल्यांनी बघावे. गेटवेवाल्यांना आपला स्टब कुणी कसा लिहिला आहे हे ठाऊकही नसते.

आपल्या उदाहरणात पाहा. स्टबला दोनच उत्तरे शिकवली: 'यशस्वी' आणि 'अयशस्वी'. खऱ्या व्यवहारात तिसरे उत्तर असते, जे यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: 'पेंडिंग'. पैसे खात्यातून गेले, पण पोचले की नाही ते अजून कळलेले नाही. आपले फंक्शन या तिसऱ्या उत्तराला 'यशस्वी नाही, म्हणजे अयशस्वी' असे समजते. ग्राहकाला बिल न भरलेले दिसते, तो पुन्हा बटण दाबतो, पुन्हा पैसे जातात. चाचण्या सगळ्या हिरव्या. दुसरे उदाहरण: काही पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात, रुपयांत नव्हे. फंक्शनने पाचशे रुपये म्हणून ५०० पाठवले, गेटवेने पाच रुपये घेतले. स्टबला रुपये आणि पैसे यांतला फरक माहीतच नाही. त्याला ५०० म्हणजे ५०० आणि उत्तर 'यशस्वी'. प्रोग्रॅमरचा जो गैरसमज कोडमध्ये आहे, तोच गैरसमज त्याने स्टबमध्येही उतरवला. एकाच माणसाने दोन्हीकडून साक्ष दिली आणि आपण म्हटले, दोन साक्षी जुळल्या!

कुरूहून झेपावलेले रॉकेट

हे सगळे कल्पनेचे खेळ वाटू नयेत म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. ती युनिट टेस्टची नाही, अख्ख्या यंत्रणेच्या चाचणीची आहे. पण प्रश्न तोच, आणि त्याचा अहवाल सर्वांना वाचायला खुला आहे.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या एरियान-५ या नव्या रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. सुमारे चाळीस सेकंदांत, साधारण ३,७०० मीटर उंचीवर, ते मार्ग सोडून वळले, तुटले आणि त्याचा स्फोट झाला. आत माणसे नव्हती. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे 'क्लस्टर'चे चार उपग्रह होते, तेही गेले. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिआँस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याचा अहवाल आला.

झाले होते असे. रॉकेटला आपली दिशा आणि वेग सांगणारी एक दिशादर्शक यंत्रणा असते. तिचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ वरून घेतलेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या दशांश रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. अशा पूर्णांकात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ च्या मार्गावर ती संख्या तेवढी वाढतच नसे. एरियान-५ चा आडवा वेग फार लवकर वाढतो, त्यामुळे संख्या मावली नाही. यंत्रणा बंद पडली. जोडीची राखीव यंत्रणा तेच सॉफ्टवेअर चालवत होती, ती क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. बंद पडताना यंत्रणेने जो दोषसंदेश पाठवला, तो मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि रॉकेट वळवले. आणि ज्या गणितात हे झाले, त्याचा उड्डाण सुरू झाल्यावर काही उपयोगही नव्हता. एरियान-४ च्या सोयीसाठी ते तसेच चालू ठेवले होते.

आता आपल्या विषयाचा भाग. उड्डाणाआधी संपूर्ण यंत्रणेच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत ही दिशादर्शक यंत्रणा खरी नव्हती. तिच्या जागी तिची उत्तरे बनवून देणारे खास सॉफ्टवेअर बसवले होते. आजच्या भाषेत, स्टब. म्हणजे मुख्य संगणकाची तपासणी झाली ती अशा सोबत्याबरोबर, जो कधीही बंद पडणार नव्हता.

खरी यंत्रणा का वापरली नाही? अहवालात कारणे दिली आहेत आणि ती वाचताना आम्हाला आजच्या प्रोग्रॅमरांचेच बोलणे ऐकू येते. ती यंत्रणा स्वतंत्रपणे तपासून पसंत झालेली होती. प्रयोगशाळेत तिला हवे तितके अचूक संकेत देणे अवघड होते. ती बिघडली तर काय होते, हे खऱ्या यंत्रावर घडवून आणता येत नव्हते. एकही कारण मूर्खपणाचे नाही. मंडळानेही तांत्रिक अडचणी मान्य केल्या. पण मंडळाचे म्हणणे असे, की अशा चाचणीचा हेतू केवळ दोन यंत्रणांमधला दुवा तपासण्याचा नसतो, या विशिष्ट कामगिरीसाठी सगळी यंत्रणा एकत्र नीट चालते का, हे पाहण्याचा असतो.

आणि 'ती स्वतंत्रपणे तपासलेली होती' या वाक्याच्या पोटात उपाधी दडलेली होती. दिशादर्शक यंत्रणेकडून काय हवे, हे लिहिताना एरियान-५ च्या मार्गाची माहिती त्यात घालायची नाही, असे सर्वसंमतीने ठरले होते. त्यामुळे तिची स्वतंत्र तपासणी नव्या मार्गासाठी झालीच नव्हती. इकडे मुख्य संगणकाच्या तपासणीने गृहीत धरले की ती बरोबर आहे. तिकडे तिच्या तपासणीने गृहीत धरले की मार्ग जुन्यासारखा आहे. दोन्ही चाचण्या आपापल्या जागी यशस्वी, आणि दोघींच्या मधली जागा रिकामी.

अपघातानंतर काय केले? त्याच यंत्रणेचे खरे सॉफ्टवेअर एका संगणकावर चालवले, त्याला त्या उड्डाणाच्या मार्गाची खरी आकडेवारी दिली, आणि बिघाडाची साखळी जशीच्या तशी घडून आली. जी चाचणी नंतर करता आली, ती आधीही करता आली असती, हे मंडळाने स्पष्ट नोंदवले आहे.

लेखकांवरची आमची टीका

फाउलर यांचा निबंध आम्हाला आवडतो. त्यांनी ऑर्डर आणि गोदामाचे एकच उदाहरण घेऊन, शेवटी उरलेला साठा तपासणे वेगळे आणि गोदामाला कोणत्या हाका गेल्या हे तपासणे वेगळे, हा भेद इतका स्वच्छ मांडला की त्यानंतर गोंधळाला सबब उरली नाही. पण तो भेद मांडून ते दोन संप्रदाय करतात, एक अभिजात आणि एक मॉकवाद्यांचा, आणि स्वतः पहिल्यात आहोत असे सांगून निवड बव्हंशी स्वभावावर आणि सवयीवर सोडतात. मॉकच्या अपेक्षा चुकीच्या असतील तर हिरव्या निकालामागे चूक लपू शकते, हे तेही ओघात नोंदवतात. आमची तक्रार त्या 'ओघात'ची आहे. ज्यावर चाचणीचे सगळे प्रामाण्य उभे आहे ती गोष्ट अनेक मुद्द्यांपैकी एक कशी असू शकेल? हा आवडीचा प्रश्न नाही, कुणी चहा घेतो आणि कुणी कॉफी, अशातला.

मेझारोस यांचे वर्गीकरण उपयोगी आहे, पण ते बदली पात्र चाचणीत कोणते काम करते यावरून केलेले आहे. आम्हाला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो असा: या पात्राची साक्ष आली कुठून? त्यावरून तीन प्रकार पडतात. एक, मूळ वस्तूशी वेळोवेळी ताडून पाहिलेला बदली. दोन, मूळ वस्तूचे खरे उत्तर एकदा नोंदवून घेतलेला, पण नंतर न ताडलेला बदली. तीन, मूळ वस्तू कशी वागत असेल याची नुसती कल्पना करून लिहिलेला बदली. तिघेही स्टब, तिघांचीही खूण हिरवी. पण पहिला साक्षीदार आहे, दुसरा जुनी ऐकीव गोष्ट सांगणारा आहे, आणि तिसरा नंदीबैल.

प्रतिनिधीचे नियम

मग बदली वापरूच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. अख्खी मीमांसा बदलीचा विचार करून बसली आहे. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात, तिसऱ्या पादात 'प्रतिनिधी' हाच विषय आहे. यज्ञासाठी सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करायचे? व्रीही नसेल तर नीवार, म्हणजे रानातला भात, घ्यावा. सोम नसेल तर पूतीक. आपल्या घरच्या पूजेतही वस्त्र नसेल, अलंकार नसेल, तर गुरुजी अक्षता वाहायला सांगतात. बदलीला नाही म्हणणारी ही परंपरा नव्हे. पण तिने नियम घालून दिले, आणि ते आमच्या प्रोग्रॅमर मित्रांना जसेच्या तसे उपयोगी पडतील.

नियम पहिला: प्रतिनिधी मुख्याच्या अभावी. तुमच्याच कोडमधला व्याजाची आकडेमोड करणारा क्लास क्षणात चालतो, दर वेळी तेच उत्तर देतो, कुणाचे पैसे कापत नाही. त्याचा मॉक कशाला? निव्वळ सवय म्हणून घरात वस्त्र असताना अक्षतांवर भागवू नये.

नियम दुसरा: प्रतिनिधी मुख्याच्या जास्तीत जास्त जवळचा असावा. पढवलेल्या स्टबपेक्षा, मेमरीत चालणारा पण खरेच नोंदी ठेवणारा छोटा डेटाबेस बरा. तरी त्यालाही मुख्य समजू नका. एसक्यूलाइट आपल्या नेहमीच्या मांडणीत पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरेही निमूट ठेवून घेते, पोस्टग्रेस घेत नाही. नीवार तो नीवार.

नियम तिसरा, आणि हाच गाभा: काही गोष्टींना प्रतिनिधी नाहीच. द्रव्य बदलता येते, पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया बदलता येत नाहीत. यजमानही बदलता येत नाही, कारण फळ त्याला मिळायचे असते. याचे आजचे रूप असे: जिच्याविषयी शंका आहे, ती वस्तू बदलायची नाही. म्हणून चाचणी लिहिण्याआधी शंका शब्दांत लिहा. 'थकबाकी शून्य असेल तर फंक्शन गेटवेला हाक न मारता परत फिरते का?' ही शंका फंक्शनच्या तर्काविषयी आहे, गेटवेचा स्टब चालेल. 'आम्ही पाठवलेली रक्कम गेटवेला नीट कळते का?' ही शंका गेटवेविषयीच आहे. इथे स्टब म्हणजे यजमानाच्या जागी दुसराच कुणी बसवणे. कुरूला नेमके हेच झाले. शंका होती नव्या मार्गावरच्या सगळ्या यंत्रणेची, आणि त्यातलाच एक घटक बदली होता.

नियम चौथा: मुख्य हाती आले की सामान्यतः मुख्यच घ्यावे. गेटवेवाले चाचणीसाठी खोट्या पैशांचा पण खऱ्या नियमांचा गेटवे देतात, तो वापरा. चाचण्यांचा एक छोटा संच असा लिहा, की तोच संच एकदा तुमच्या स्टबवर आणि एकदा खऱ्या गेटवेवर चालेल. याला कॉन्ट्रॅक्ट टेस्ट म्हणतात. तो दर मिनिटाला चालवायची गरज नाही, रात्री एकदा चालला तरी पुरे. उपाधी तपासण्याची जबाबदारी आता कुणाची तरी झाली.

गंमत बघा, मॉकच्या जनकांनीही कडक पथ्य सांगून ठेवले होते: जे प्रकार तुमच्या मालकीचे आहेत त्यांचेच मॉक करा, परक्या लायब्ररीचे नको. २००४ च्या निबंधात ते आहे. परक्या गेटवेभोवती स्वतःचे पातळ वेष्टण लिहा, आतल्या चाचण्यांत त्या वेष्टणाचा मॉक घ्या, आणि खुद्द वेष्टणाची चाचणी खऱ्या गेटवेशी करा. हत्यार सगळीकडे पोचले, पथ्य मागे राहिले.

आमचे तरुण मित्र इथे विचारतात, 'सर, एवढे सगळे करायला वेळ कोण देणार? मॅनेजरला कव्हरेजचा आकडा हवा असतो.' खरे आहे. कव्हरेज म्हणजे चाचणीच्या वेळी कोडच्या किती ओळी चालल्या. पण ओळ चालली आणि ओळ तपासली, यांत फरक आहे. सगळ्या ओळी नंदीबैलासमोरूनही चालवता येतात. मॅनेजरला हे समजावण्याचा एक सोपा प्रयोग आहे. फंक्शनमधली एक ओळ मुद्दाम बिघडवा, जसे की नोंद करण्याची ओळच काढून टाका, आणि चाचण्या चालवा. सगळे हिरवेच राहिले, तर त्या चाचण्या काय राखत होत्या ते त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसेल. हेच पद्धतशीर करणाऱ्या साधनांना म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा, की या प्रयोगाने पहिला दोष उघडा पडतो, तिसरा पडत नाही. स्टब चुकीचा असेल तर ते सांगायला मूळ वस्तूकडेच जावे लागते.

शेवटी एक छोटे काम देतो, शिक्षकाची सवय सुटत नाही. उद्या कामावर गेलात की आपल्या प्रकल्पातला कोणताही एक स्टब उघडा आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहा: हे उत्तर कुठून घेतले आणि कधी. दस्तऐवजातून घेतले असेल तर तसे लिहा. खऱ्या उत्तराची नोंद असेल तर तारीख लिहा. आणि लिहिण्यासारखे काहीच सापडले नाही, तर त्या स्टबच्या भरवशावर उभ्या असलेल्या चाचण्या मोजा. तेवढ्या हिरव्या खुणांचा अर्थ तुम्हाला पुन्हा लावावा लागेल. पुढच्या वेळी या विषयावरचे तुमचे प्रश्न आधी घेऊ आणि मग पुढे जाऊ.